पापुद्रीवरचा अंगठा

खनिज शिकवताना मी मुलांना एक क्रम पाळायला लावते. आधी ते डोळ्यांनी पाहायचे, मग नखाने ओरखडायचे, मग पाण्यात बुडवायचे आणि सर्वांत शेवटी विस्तवावर धरायचे. ते कशाच्या उपयोगाचे, हा प्रश्न त्यानंतर. उपयोग आधी विचारला की मुले वस्तूकडे पाहायचे सोडून उत्तर आठवू लागतात. आईविषयी लिहायला बसले तेव्हाही मला हाच क्रम सोयीचा वाटला, म्हणून सुरुवात पापुद्रीपासून करते.

पापुद्री आमच्या गावामागच्या टेकडीत निघते. गाव किल्ल्याच्या पायथ्याशी आहे. टेकडीच्या एका अंगाला जंगल आणि दुसऱ्या अंगाला धानाच्या बांध्या. पाठ्यपुस्तकात हे नाव सापडणार नाही. तिथे अभ्रक आहे, शंखजिरे आहे. पापुद्री या दोघांच्या मधली. नखाने ओरखडा उठावा इतकी मऊ, पण विस्तवाला अभ्रकासारखीच दाद न देणारी. सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांचे अणू तिच्यात पातळ थर करून बसलेले असतात आणि दोन थरांच्या मध्ये पाण्याचा अगदी बारीक अंश अडकलेला असतो. मुलांना मी धुऊन, अर्धवट वाळवून, एकावर एक रचलेल्या लुगड्यांचे उदाहरण देते. अशा चळतीत प्रत्येक लुगडे वेगळे असते, तरी ओलीमुळे ती एकमेकांना धरून राहतात. एका कोपऱ्यात बोट घातले की वरचे अलगद सुटते. उदाहरण इथे संपते, हेही मी सांगते. लुगडे कडक वाळले तर मोडत नाही, पापुद्री मोडते. म्हणून खाणीतून निघालेल्या तिच्या वड्या ओल्या पोत्यात गुंडाळूनच शेडमध्ये आणतात.

आता पाण्याचा गुण. पापुद्रीच्या सोललेल्या पानावर स्वच्छ पाणी पडले की पान क्षणभर दुधाळ होते आणि वारा लागताच पुन्हा आरपार दिसू लागते. तोंडाची वाफ तशीच येते आणि तशीच जाते. घामाचे तसे होत नाही, कारण घामात मीठ असते. पाणी उडते, मीठ थरांत शिरून बसते, आणि जिथे बोट टेकले असेल तिथे त्या बोटाचा पांढरा ठसा रेषांसकट उरतो. तो घालवायचा एकच उपाय आहे. पान रात्रभर तुसाच्या कोमट राखेत पुरायचे. राख मीठ ओढून घेते, पण मिठाबरोबर थरांतली ओलही जाते. सकाळी पान लख्ख निघते आणि हातात धरताच त्याचे तुकडे होतात. थोडक्यात, डाग घालवता येतो, पान वाचवता येत नाही.

उपयोग पुष्कळ आहेत. इस्त्रीच्या आणि शेगडीच्या तारांखाली पापुद्री घालतात. दूरदूरच्या भट्ट्यांच्या झरोक्यांना तिची पाने बसवतात. आतला लाल उजेड दिसतो, आच बाहेर येत नाही. शेडमध्ये उरलेला चुरा गावात वाया जात नाही. तो पांढऱ्या मातीत कालवून दिवाळीला भिंती पोतल्या की पणतीच्या उजेडात घर आतून लुकलुकते, आणि धानाच्या पऱ्ह्यात, म्हणजे रोपांच्या वाफ्यात, टाकला तर ओल धरून ठेवतो. डागाचे पान मात्र भट्टीला चालत नाही. मीठ बसलेल्या जागी थर आधी फुगतात, पापडावर येतो तसा फोड येतो, आणि झरोक्याला डोळा लावून उभ्या असलेल्या माणसाच्या तोंडावर तो फुटतो. आईच्या नेमामागे हे कारण होते. कारण खरे होते, आणि पुढचे वाचताना ते विसरू नये.

पाने सोलायची शेड आमच्या शाळेच्या समोर आहे. लांबोडकी, पत्र्याची, एका टोकाला मोठी उत्तरेची खिडकी आणि दुसऱ्या टोकाला दार. खिडकीपासून दारापर्यंत बायका एका ओळीत बसतात. वडी मांडीवर घ्यायची, बांबूची धार केलेली कामटी तिच्या कोपऱ्यात शिरवायची आणि फटीत हलकी फुंकर घालायची. पान उचलले जाते. मग ते फक्त काठांवर धरून ओल्या फडक्यावर उतरवायचे. लोखंडाची सुरी चालत नाही, ती ओरखडे पाडते. हातमोजेही आणून पाहिले होते. पानाची जाडी उघड्या बोटालाच कळते. मोज्यातल्या बोटांनी सोललेली पाने कुठे जाड, कुठे पातळ निघाली आणि सगळा माल परत आला. तेव्हापासून उघडे हात.

खिडकीजवळची जागा आईची होती. उजेड तिथे सर्वांत चांगला, म्हणून झरोक्यांची मोठी पाने तीच सोलायची, आणि संध्याकाळी बाकी सगळ्यांची पाने तपासायचीही तीच. घरात आम्ही दोघीच. मी समोरच्याच शाळेत शिकवते. माझ्या पगारात दोघींचे नीट भागत होते आणि तिला काम सोडायला मी अनेकदा सांगितले होते. पण ती त्या जागेवर बसायला जात असे, कामाला नव्हे. शेडमधल्या बायका तिला मावशी म्हणत. मुकादम तिच्यासमोर खुर्चीवर बसत नसे.

शाळा सुटली की मी शेडमध्ये तिच्यासाठी थांबायची, त्यामुळे तपासणी मी जवळजवळ रोज पाहिली आहे. ती एकेक पान काठावर धरून खिडकीकडे करायची, उजेड मागून घ्यायची आणि निमूटपणे बाजूला ठेवायची. डाग दिसला तर ठेवत नसे. वाचत असे. वाचणे हा तिचाच शब्द.

"आंगठा, डावा. बाजूले मधलं बोट, अर्धं. कोनाचं पान होय हे?"

जिचे असेल ती मान खाली घालून सांगायची. मग आई त्या पानाला दोरा बांधून ते तिच्या जागेवरच्या आढ्याला टांगायला लावी. दुसऱ्या दिवशी दिवसभर ते पान तिथे फिरत राही. वळले की अंगठा दिसे, आणखी वळले की दिसेनासा होई. शिवाय ती बाई ओळीत एक जागा दाराकडे सरके. आईच्या आधी हा नेम नव्हता. मुकादम डागाचे पान फेकून देई आणि शिव्या घाली. आईचे म्हणणे असे होते की शिवी घरी जाईपर्यंत विसरते, टांगलेले विसरत नाही. तिचे म्हणणे बरोबर ठरले. डागाची पाने कमी झाली.

एकीची मात्र कमी झाली नाहीत. ती बपेऱ्याहून लग्न होऊन आमच्या गावात आलेली, माझ्यापेक्षा वयाने थोडी लहान. तिच्या तळहातांना जन्मापासून घाम येई. हा आजार नव्हे; काहींच्या हातांतील घर्मग्रंथी अधिक कामसू असतात, एवढेच. ती कामाला चपळ होती, तिची फुंकर इतकी नेमकी की पान कधी फाटत नसे. पण दर थोड्या दिवसांनी तिच्या एखाद्या पानावर बोट उमटेच. सरकता सरकता ती दाराशी जाऊन बसली. तिथे वाहत्या धुळीत आणि तिरप्या उजेडात काम आणखी अवघड. बायका तिला ओली म्हणत.

"ए ओली, सरक ना वं, वाट अडवून राहिली."

"आता कुठं सरकू? रोडावर जाऊन बसू काय?"

"बस ना. ट्रकवाल्यायच्या काचा पुसजो हातानं."

या बोलण्यावर आई हसत नसे. ती कामाच्या वेळी हसत नसे. थांबवतही नसे. एकदा मी घरी तिला फळ्यावर काढते तशी आकृती काढून समजावले. भीती वाटली की मेंदू ग्रंथींना हुकूम देतो, घाम वाढतो, घाम वाढला की डाग पडतो, डाग टांगला की भीती वाढते. बाणांचे वर्तुळ पूर्ण झाले. आईने ते लक्षपूर्वक पाहिले.

"म्हंजे भेल्यानं होते हे."

"हो."

"मंग तिनं भेव सोडाव," आई म्हणाली आणि भाजी चिरू लागली.

त्या बाईचे वडील तिला भेटायला आले तो दिवस मला नीट आठवतो. ते थेट शेडच्या दाराशी आले; हातात लाखोळीच्या डाळीची पिशवी, डोक्याला फडके. लेक उठून उभी राहिली. तिच्या जागेवर त्या दिवशी पान टांगलेले होते. आई खिडकीतून म्हणाली, "दादा, या ना आत. लेकीचा हात पाहून जा."

ते चपला काढून आत आले. आईने पान उतरवून आणायला लावले आणि त्यांच्या हातात न देता स्वतः उजेडात धरले. म्हाताऱ्याने दोन्ही हात पाठीमागे घेतले, देवळातल्या मूर्तीपुढे वाकावे तसे वाकून पाहिले. आरपार चमकणारे पान, आणि त्यात आपल्या मुलीच्या बोटाची रेष न् रेष पांढऱ्या दोऱ्याने भरल्यासारखी. त्यांनी खूप वेळ पाहिले. लेकीने केलेली ही कारागिरी आहे, असा त्यांचा समज झाला.

"साजरं हाये," ते म्हणाले. "लय साजरं केलं माह्या पोरीनं."

ओळीतून आधी एक जण हसली, मग सगळ्या. त्या का हसतात हे न कळून म्हाताराही हसला. लेक हसली नाही. तिने वडिलांच्या हातातली पिशवी घेतली आणि त्यांना दारापर्यंत पोहोचवून आली, मग जागेवर बसून वडी मांडीवर घेतली. आईने पान परत टांगायला दिले. त्या संध्याकाळी तिची तीन पाने डागाची निघाली आणि आईने तिन्ही वाचली.

आईच्या हातांतला बदल मला प्रथम घरातच दिसला. ती स्टीलचा पेला खाली ठेवी तेव्हा त्यावर बोटांची धुरकट वर्तुळे राहू लागली. भाकरी थापताना ती पीठ जास्त घेऊ लागली. बोलता बोलता तळवे लुगड्याला पुसण्याची तिला सवय लागली होती, आणि तिचे तिलाच ती ठाऊक नव्हती. वयाच्या त्या टप्प्यावर अनेक स्त्रियांच्या बाबतीत असे होते. अंगातून वाफा निघतात, हात ओले होतात, आणि काही काळाने थांबतेही. मी तिला तुमसरला डॉक्टरकडे चलण्याविषयी म्हटले.

"कायले? मले काय झालं?"

"हात पाहा तुझे."

तिने हात पाहिले नाहीत. पदराखाली घेतले.

नंतर मोरीतल्या कोनाड्यात मला तुरटीचा खडा दिसला. आठवड्याभरात तो झिजून बोराएवढा झाला आणि त्याच्या जागी नवा आला. आई पहाटे तुरटीच्या पाण्यात हात बुडवून बसत होती. दाढी झाल्यावर न्हावी तुरटी फिरवतो, रक्त थांबते, कातडी आकसते. तेव्हा घामही थांबेल, हा तिचा हिशेब. तो अर्धा बरोबर होता. तुरटीने घाम कमी होतो. पण तुरटी हेदेखील एक मीठच आहे. घामाचा ठसा फिकट उमटतो. तुरटी लागलेल्या बोटाचा चुन्यासारखा पांढराफटक उमटतो. हे मी तिला सांगितले.

"शाळंत शिकवजो," ती म्हणाली.

"आई, वाढतील डाग. कमी नाही होणार."

"मी काम करते का तू? माहे हात मले समजतात."

ती मला कधी टाकून बोलत नसे. त्या दिवशी बोलली, म्हणून मला कळले की डाग पडू लागले आहेत. इतरांची पाने ती तपासत होती, तिची कोणीच तपासत नव्हते. आपली डागाची पाने ती कुठे टाकत असेल, याचा मी विचार केला होता. उत्तर काही दिवसांनी मिळाले.

मी शेडमध्ये शिरले तेव्हा दाराजवळच्या जागेवर पान टांगलेले होते. नवल नव्हते. मी त्याच्याखालून वाकून आत जात होते तोच ते वाऱ्याने वळले आणि मागून उजेड आला. पांढराफटक, ठसठशीत उजवा अंगठा. त्याच्या मध्यातून एक आडवी रेघ गेलेली होती, जिथे कातडीच्या रेषा तुटून पुन्हा सुरू होतात तशी. आई तरुणपणी दुसऱ्याच्या बांधीत धान कापायला जाई तेव्हा तिच्या अंगठ्यावर विळा बसला होता. तो व्रण मी लहानपणापासून पाहत आले आहे. भात भरवताना तो माझ्या ओठांना लागत असे.

म्हणजे तपासणीच्या वेळी आपले पान तिने त्या बाईच्या ढिगात सरकवले होते, आणि मग सगळ्यांदेखत बाहेर काढून वाचले होते. फक्त आडवी रेघ वाचली नव्हती.

मी खिडकीकडे पाहिले. आई पाने मोजत होती. मग मी दाराकडे पाहिले. ती बाई मान वर करून त्या पानाकडे पाहत होती. तिने माझ्याकडे पाहिले आणि मला दिसले की तिलाही दिसले आहे. शेजारच्या दोघींनीही वर पाहिले आणि खाली पाहिले. मला वाटते, त्या दिवशी सगळ्या ओळीला ठाऊक झाले. घरी जाताना आई एवढेच म्हणाली, "वारा सुटला होता आज. पानं हालत होती."

टांगलेले पान दुसऱ्या संध्याकाळी चुऱ्याच्या टोपलीत जात असे. हे गेले नाही. त्या बाईने ते उतरवून ओल्या फडक्यात गुंडाळले आणि घरी नेले, हे मला नंतर समजले. ते मऊ राहील अशा बेताने ती फडके रोज भिजवत होती. मधल्या काळात आणखी दोनदा तिच्या जागेवर आडव्या रेघेचा अंगठा टांगला गेला. दोन्ही वेळा तिने मान खाली घातली आणि पान आपले म्हणून कबूल केले.

झरोक्यांचा मोठा माल पाठवायचा होता त्या संध्याकाळी मुकादम स्वतः हजर होता. बाहेर ट्रक उभा होता. पेट्या वरठीच्या स्टेशनावर जायच्या होत्या. आईने सगळ्यांची पाने तपासली, एकही डाग निघाला नाही. बायका उठू लागल्या. ती बाई दाराजवळून उठली आणि ओळीसमोरून चालत खिडकीपर्यंत गेली. तिला तिथवर चालताना मी पूर्वी पाहिले नव्हते. तिने फडके सोडले.

"मावशी, हे पान मले वाचता नाही येत. तुमीच वाचून द्या."

आईने पान घेतले. काठावर, जसे घ्यायचे तसेच. खिडकीकडे केले.

"वाचा ना मावशी. सारे आयकून राहिले."

"आंगठा," आई म्हणाली. "उजवा."

"आनखी?"

"मधात आडवी रेघ."

"कायची रेघ होय?"

"विळ्याची."

"कोनाचं पान होय?"

आई खोटे बोलली असती तर कोणी तिचा हात ओढून पाहिला नसता, मुकादमानेही नाही. मी खिडकीपाशीच उभी होते, माझ्या मनात तेच होते, तिने खोटे बोलावे. पण वाचताना ती कधी खोटे बोलली नव्हती. पान दुसरीच्या ढिगात सरकवणे वेगळे आणि वाचताना चुकीचे वाचणे वेगळे, असा काही फरक ती मनाशी करत असावी.

"माहं," ती म्हणाली.

मुकादमाने चप्पल घातली, पुन्हा काढली. "जाऊ द्या ना. वयमान झालं मावशीचं. एखांदा पडते डाग."

"एखांदा?" ती बाई म्हणाली. "तीनदा टांगले मी. ते दोन त टोपलीत गेले. नेम एक जागा सरकायचा हाये. मी दारात होती, मले सरकाले जागाच नोती, तरी बसली. आता मावशीनं कुठं बसाव, ते मावशीलेच इचारा."

आईने कामटी फडक्याने पुसली, पोत्याची घडी केली. ओळीत कोणी हालले नाही. ती सगळी ओळ पार करून दाराजवळच्या जागेवर गेली आणि तिथे पोते पसरले.

"मंग खिडकीत कोन बसन?" मुकादमाने विचारले.

"मी."

"तुहे हात?"

तिने दोन्ही तळवे त्याच्यापुढे पसरले. मग तिथेच बसून वडी मांडीवर घेतली, कामटी शिरवली, फुंकर घातली आणि भलेमोठे पान सोलून उजेडात धरले. त्यावर काहीच नव्हते. माझी आकृती बरोबर होती. तिच्यातला भीतीचा बाण तुटला होता, बाकीचे आपोआप थांबले.

त्या रात्री जेवताना मी आईला म्हटले, "आता पुरे. उद्यापासून जाऊ नको."

"काहून?"

"कशाला जायचे आता?"

"जागा गेली. काम थोडीच गेलं."

"तिथे त्या तुला..."

"मले काय करतीन? मी केलं त्याच्याहून जास्त का करतीन?" तिने ताट पुढे सरकवले. "नेम चांगला हाये. माह्या हातात लबाडी झाली, नेमात नाही."

ती जात राहिली. दाराजवळची धूळ, तिरपा उजेड आणि तुरटी. डाग पडतच होते. खिडकीतली नवी बाई तपासणीत काटेकोर निघाली. वाचण्याची तिची तऱ्हा हुबेहूब आईची होती, थांबण्याच्या जागांसकट. दोन गोष्टी तिने वाढवल्या. पान एका दिवसाऐवजी आठवडाभर टांगायचे, आणि वाचून झाल्यावर जिचे असेल तिने स्वतः उठून सांगायचे. आई उठून सांगत असे. गुडघ्यावर हात ठेवून उठायची, "माहं" म्हणायची, बसायची. बायका तिला अजून मावशी म्हणत, पण आता ते नाव हाकेसारखे वापरत. "ए मावशी, सरक ना वं, पाय लागून राहिला."

माझ्यासाठी शेडमध्ये थांबणे अवघड झाले होते. मी शेडच्या आवाराच्या फाटकाशी उभी राहू लागले. पण एका संध्याकाळी खिडकीतून हाक आली.

"मॅडम, या ना आत. मायचा हात पाहून जा."

शब्द मी ओळखले. आईनेही ओळखले असणार. मी चपला काढून आत गेले. त्या बाईने आईच्या डोक्यावरचे पान उतरवून आणवले आणि माझ्यापुढे धरले. घाईत तिने ते चुकीचे धरले होते. उजेड समोरून पडत होता आणि पान नुसते चमकत होते.

"तसं नाही दिसत," दाराजवळून आई म्हणाली. वर्गात मी मुलांना सांगते त्याच आवाजात. "उजेड मागून घे. तिच्या हातात दे, तिले समजते."

त्या बाईने पान माझ्या हातात दिले. मी ते खिडकीकडे केले. अंगठा, उजवा, मध्ये आडवी रेघ. रेषा इतक्या स्पष्ट होत्या की त्या मोजता आल्या असत्या. ओळ माझ्या तोंडाकडे पाहत होती. मी काय म्हणते याची त्या वाट पाहत होत्या, आणि म्हातारा काय म्हणाला होता हे आम्हा सगळ्यांना आठवत होते. मी पान परत दिले.

तिने ते घेतले, सवयीने उजेडात धरले आणि थांबली.

"मावशीच्या आंगठ्याजवळ दुसरा आंगठा हाये," ती म्हणाली. "ताजा. डावा. हा कोनाचा होय?"

मी माझा हात पाहिला. मी काठावर धरले होते, असे मला वाटत होते.

"माझा," मी म्हटले.

मधल्या एका बाईला दया आली असावी. "राहू दे वं. त्या कुठं आपल्यात कामाले आहेत. मॅडम होत त्या."

खिडकीतली बाई माझ्याकडे पाहत उभी राहिली. तिच्या मनात काय होते ते मला सांगता येत नाही. कदाचित तिने सोडून दिले असते.

"पान हातात घेतलं ना तिनं?" आई म्हणाली. ती वडीवरून नजर न उचलता बोलत होती, तिची कामटी कोपऱ्यात शिरत होती. "मंग टांग. नेम म्हंजे नेम."

पान पुन्हा आढ्याला गेले. नेमाप्रमाणे मला एक जागा दाराकडे सरकायचे होते, आणि दाराजवळच्या जागेपुढे जागा नव्हती. मी चपला घातल्या, उंबऱ्याबाहेर जाऊन उभी राहिले आणि आईचे काम संपण्याची वाट पाहू लागले. आत ते पान फिरत होते. वळले की दोन्ही अंगठे दिसत, आणखी वळले की काहीच दिसत नसे.